एसटीची बॅच

बैठकीतून बाहेर पडला तेव्हा वकारच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. क्लासचा संचालक होऊन महिना झाला न झाला, आणि त्याच्या डोळ्यांदेखत क्लासच्या मालकांनी, माणिकप्पा सरांनी, एसटीनं ये-जा करणाऱ्या पोरींची बॅच दुपारवरून सकाळी सहाला ढकलली. का, तर दुपारचा हॉल रँकवाल्या पोरांना पाहिजे. चौकातल्या बोर्डावर फोटो त्यांचेच लागतात ना!

सकाळी सहाला म्हणे. अहमदपूर, रेणापूरकडच्या पोरी लातूरला सहाला येणार कशा, उडत? ही बॅच वकारनंच उभी केली होती, मॅनेजर असताना. एसटीच्या वेळा बघून तास लावले, गाडी उशिरा आली तर परीक्षा थांबवून धरली. ज्या घरात हॉस्टेलचं नाव काढायची सोय नाही, तिथल्या पोरी रोज येऊन-जाऊन शिकत होत्या. सहाची वेळ म्हणजे त्यांना सरळ घरी बसा म्हणणं.

आणि बैठकीत वकार काय बोलला? काही नाही. मूग गिळून बसला.

खोडच ती त्याची. भूकंपानंतर माणिकप्पा सरांनी पत्र्याच्या शेडमध्ये क्लास काढला, तेव्हापासून हा त्यांच्या हाताखाली. सर बोलताना मध्ये तोंड घालायचं नाही, मान डोलवायची, आणि खाली येऊन गुपचूप मार्ग काढायचा. सरांनी हॉल काढून घेतला की वकार गच्चीवर सतरंज्या टाकायचा. सरांना कळायचं, ते काणाडोळा करायचे. आपण फार हुशार, असं वकारला इतकी वर्षं वाटत आलं होतं.

तो तरातरा खाली आला. त्याच्या जुन्या टेबलावर आता तनुजा बसायची, नवी मॅनेजर.

"दुपारी गच्चीवर सतरंज्या टाक. बॅच चालू राहू दे," वकार म्हणाला.

"वर तुम्ही हो म्हणायचं आन् खाली मी मोडायचं? सरांनी विचारलं तर नोकरी माझी जाईल, सर."

"मी हो म्हणलो न्हाई."

"न्हाई तरी म्हणलात का?"

असा संताप आला त्याला! कालची पोरगी, हिला काम कुणी शिकवलं? तसाच पाय आपटत तो परत सरांच्या केबिनमध्ये गेला.

"सर, ही बॅच हलवायची न्हाई. मला पटलेलं न्हाई."

माणिकप्पा सरांनी चष्मा काढला. "मग मघाशी काय तोंड शिवलं होतं? मी दोनदा बघितलं तुमच्याकडं. म्हणलं, बॅच यांची, हे न्हाई म्हणतील, मग विषय सोडून देऊ. तुम्ही पाणी पीत बसलात."

"तुमच्यापुढं मी कधी बोललोय का, सर?"

"मॅनेजर होता तवा चाललं. आता तुम्ही गप्प बसलात की लोक त्याला हो समजतात. रँकवाल्यांच्या घरी मी आत्ताच फोनवर शब्द दिलाय, वकारभाई. यंदा आता काही होत न्हाई."

वकारला वाटलं, टेबलावरचा पाण्याचा ग्लास उचलून भिंतीवर हाणावा. पण राग काढायचा कुणावर? इतकी वर्षं सरांवर दात-ओठ खाल्ले की काम भागायचं. आज तीही सोय राहिली नव्हती.

जिन्याखाली अहमदपूरचा दगडोबा उभा होता, मोबाइलवर आलेला क्लासचा मेसेज उघडा धरून. त्याची पोरगी रुद्राणी, याच बॅचमधली, बाजूच्या बाकावर बसली होती.

"वकारभाई, कोण हाय हो ह्यो सहाला बोलावणारा? तुमी संचालक झालात म्हणून आमी गावात पेढे वाटले. तुमी असताना असं कसं झालं?"

वकारच्या जिभेवर सरांचं नाव आलं होतं. त्यानं ते गिळलं.

"मी व्हतो तिथं. बोललो न्हाई."

"का?"

दगडोबा चिडला नाही, आवाजसुद्धा चढवला नाही. मोबाइल खिशात घालून तो पोरीकडं वळला.

"समदी पुस्तकं घे गं," तो म्हणाला. "हितं काही ठिवू नको."