बारा मिनिटांचं पाणी

मी मोटार-पंपाचा माणूस. शहापुरात हायवेला लागून माझं दुकान आहे आणि आजूबाजूच्या दहा गावांत मी बसवलेले पंप चालतात. पाणी कुठून कुठे न्यायचं हे मला कोणी शिकवायची गरज नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे झालं ते अडाणीपणाने झालं असं कोणी म्हणू नये. हुशारीनेच झालं, आणि ती हुशारी माझीच.

प्रविण माझा धाकटा भाऊ. पुण्यात शोभेच्या माशांच्या दुकानात सहा वर्षं होता. एकोणतिसाव्या वर्षी त्याच्या दोन्ही किडन्या गेल्या आणि तो घरी आला. सोबत कपड्यांची एक बॅग आणि तीन फूट लांब काचेची टाकी. मालकाने निरोपाची भेट म्हणून दिलेली. टाकीत दगड, वाळू, अंगावर पांढरे पट्टे असलेले दोन केशरी मासे आणि लांब मिशांचा एक लाल झिंगा. मासे नखाएवढे होते तेव्हापासून त्याने वाढवलेले. आमच्याकडे तळ्यांना तोटा नाही, मासे पकडणारे आणि खाणारे घरोघर. पण घरात समुद्राचं खारं पाणी तयार करून त्यात मासे पाळणारा शहापुरात हाच पहिला. लोक मुद्दाम बघायला यायचे.

"काय गा प्रविण, याईची भाजी कवा करतं?"

"पावण्याईले भेटत नाई," प्रविण म्हणायचा, "घरच्याईलेच पुरत नाई."

दर सोमवारी आणि गुरुवारी मी त्याला मोटारसायकलवर भंडाऱ्याला न्यायचो. तिथे चार तास डायलिसिसच्या मशीनवर. डाव्या हाताची नस सुईसाठी जोडून ठेवलेली, म्हणून त्या हाताने वजन उचलायचं नाही. आणि उजव्याने उचलायला छातीत दम नाही. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन स्वच्छ सांगितलं होतं की एक पाळी चुकली तर बघू, दोन चुकल्या तर फुप्फुसात पाणी चढेल, मग आमच्या हातात काही राहणार नाही.

दिवाळीच्या सुमारास एका सोमवारी तो अंथरुणातच पडून राहिला. म्हणाला, "कायले जायचं भाऊ? आज साफ करतेत, गुरुवारी पुन्हा तेच." मी समजावलं, ओरडलो. बाबांनी हात जोडले. माझी बायको रुपा रडली. तो ढिम्म. शेवटी मी चिडून म्हणालो, "जाऊ नको. पन रविवारी त्या माशाईचं पानी कोन बदलवन? मले तं त्यातलं ठो कळत नाई." तो पाच मिनिटं टाकीकडे बघत राहिला आणि उठून चप्पल शोधायला लागला. तेव्हा मला कळलं, आणि वाईटही वाटलं, खोटं कशाला बोलू. त्याला गाडीवर बसवतो तो मी नाही, बाबा नाहीत. ते दोन मासे बसवतात.

पण ते पाणी बदलणं म्हणजे एक यज्ञच. दर रविवारी चाळीस लिटर जुनं पाणी नळीने ओढून बादल्यांत काढायचं, बादल्या अंगणात ओतायच्या. फिल्टरच्या पाण्याच्या दोन कॅन आणायच्या, त्यात नागपूरहून मागवलेलं समुद्राचं मीठ घालून ढवळायचं, मोजायचं, मग मगाने हळूहळू टाकीत सोडायचं. प्रविण स्टुलावर बसून मीठ तोलणार, प्रत्येक बादली नाकाशी धरायला लावणार. ती त्याची दुकानातली सवय. उचलणारा मी. दोन तास जायचे. माझं तोंड मुळातच वाईट, त्यात कंबर धरलेली. जानेवारीत एका रविवारी ओल्या फरशीवर बादलीसकट सपशेल आडवा झालो आणि उठता उठता बोलून गेलो, "मानसाचं करू का मासोळ्याईचं करू!"

प्रविणने ऐकलं. त्याच दिवशी संध्याकाळी मी त्याला फोनवर ऐकलं. नागपूरच्या एका दुकानदाराला विचारत होता, दोन मासे नि एक झिंगा ठेवून घ्याल का, पैसे नकोत.

मंगळवारी दुकान बंद ठेवलं आणि कामाला लागलो.

सांदवाडीत, म्हणजे घरामागच्या परसात, दगडी ओट्यावर दोनशे लिटरचा नवा निळा ड्रम चढवला. आत छोटा पंप टाकला, तो मीठ-पाणी फिरवत राहणार. महिन्याचं पाणी एकदम तयार. ड्रमच्या बुडातून पाइप, भिंतीला भोक पाडून थेट टाकीच्या वर, आणि स्टुलावर बसलेल्या माणसाच्या हाताला येईल असा कॉक. टाकीतून दुसरी नळी भिंतीतून बाहेर मोरीत, तिलाही कॉक. काचेवर लाल पट्टीच्या दोन खुणा. बाहेरचा कॉक उघडायचा, पाणी खालच्या खुणेला आलं की बंद. आतला उघडायचा, वरच्या खुणेला आलं की बंद. कॉक मी घासून घासून इतके मऊ केले की एका बोटाने फिरावेत.

पहिल्या रविवारी प्रविणने स्वतः केलं. मी मुद्दाम लांब उभा राहिलो. त्याने मोबाइलवर वेळ लावली होती. बारा मिनिटं.

"माह्यं पानी बदलवाले चार तास लागते," तो म्हणाला, "अन याईचं बारा मिनटात. भंडाऱ्याच्या मशीनवाल्याईले शिकव ना भाऊ जरा."

कितीतरी महिन्यांनी तो हसला होता. रुपाने त्या दिवशी साखर वाटली. खरंच वाटली, शेजारी चार घरी. पुढचे पाच महिने त्याने एक पाळी चुकवली नाही. सोमवारी आणि गुरुवारी माझ्या आधी तयार. मी तर हवेत होतो. कोणीही पंपाचं विचारायला आला की आधी त्याला टाकीचा कॉक दाखवायचो.

मग जून आला. आमच्याकडे धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपांसाठी बी, टाकायचे दिवस. बी टाकण्याआधी ते मिठाच्या पाण्यात बुडवतात. पोचट दाणे वर तरंगतात ते काढून फेकायचे, भरलेले खाली बसतात ते धुऊन पेरायचे. आमचे बाबा, वासुदेवराव, ह्या बाबतीत फार कडक. दहा लिटरला तीनशे ग्रॅम मीठ, चिमूटभर इकडेतिकडे नाही. त्यांच्या ह्या पाण्यात आणि प्रविणच्या पाण्यात खारेपणाचा फरक जवळजवळ नाहीच, हे मला नंतर कळलं.

त्या शनिवारी मी कामावर होतो, रुपा बाजारात, प्रविण झोपलेला. बाबांना सांदवाडीत तयार मीठ-पाण्याचा ड्रम दिसला. त्यांनी आपल्या बादलीने दोन बादल्या पाणी घेतलं, घमेल्यात बी बुडवलं, पोचट काढलं. आता त्यांच्या जागी दुसरा कोणी असता तर पाणी फेकून मोकळा झाला असता. पण बाबांना माहीत होतं की हे मीठ नागपूरहून येतं आणि प्रविण ते चमच्या-चमच्याने जपतो. म्हणून त्यांनी ते पाणी धोतराच्या दुहेरी पदरातून गाळलं आणि दोन्ही बादल्या परत ड्रममध्ये ओतल्या. झाकण लावलं. बादली त्यांची नेहमीची होती, तीच जिच्यात दर हंगामात फवारणीचं औषध कालवतात. घेण्याआधी तीनदा विसळली होती म्हणे.

रविवारी सकाळी मी ड्रमचं झाकण उघडलं. दोन-तीन दाणे धान तरंगत होतं. जून महिन्यात आमच्या घरात धान कुठे नसतं? अंथरुणात असतं, चपलेत असतं. बोटाने काढून फेकलं. खारेपणा मोजायची काचेची दांडी पाण्यात सोडली, आकडा बरोबर. मी ओरडून सांगितलं, "बरोबर आहे!" नाकाशी धरायला आता बादलीच नव्हती. पाणी भिंतीतून येत होतं.

प्रविणने कॉक उघडला. बारा मिनिटांत सगळं आटोपलं.

चहा घेऊन होईपर्यंत झिंगा उलटा पडला. पाय झाडत होता. मग मोठा मासा वर आला आणि तोंड उघडून पाण्याच्या कडेला तसाच राहिला. लहाना गोल गोल फिरत काचेवर आपटायला लागला. प्रविण उभा राहिला. इतक्या दिवसांत मी त्याला एवढ्या झटकन उठताना पाहिलं नव्हतं.

"भाऊ, पान्यात काई तरी आलं. लवकर ताजं पानी दे. अर्धी टाकी बदलव."

ताजं पाणी म्हणजे कुठलं? आमच्याकडे तयार पाणी एकच. मी एका हाताने बाहेरचा कॉक उघडला, दुसऱ्या हाताने आतला. अर्धी टाकी रिकामी झाली, अर्धी भरली. माझ्याच ड्रमने भरली. मासे आणखी तडफडले, तर प्रविण म्हणाला, "अजून दे," आणि मी अजून दिलं. बादल्या असत्या तर दोन तास लागले असते, मध्ये कुठे तरी थांबलो असतो, वास आला असता, कोणाच्या तरी डोक्यात प्रकाश पडला असता. पण काम सोपं झालं होतं ना. आम्ही दोघं भाऊ मिळून सरसर त्यांच्यावर विष सोडत राहिलो आणि त्यांना वाचवतोय असं समजत राहिलो.

दुपारी बारापर्यंत तिन्ही गेले. प्रविणने ते हाताने बाहेर काढून ताटलीत ठेवले.

बाबा बांधीवरून, म्हणजे धानाच्या शेतातून, आले. ताटली पाहिली, ओला प्रविण पाहिला, ड्रमकडे पाहिलं. माणूस साधा, ताकाला जाऊन भांडं लपवणारा नाही.

"पानी तं मीच घेतलो होतो काल," ते म्हणाले. "बियाले. पन वापस टाकलो ना बापा, गाळून टाकलो. एक थेंब सांडू नाई देल्लो."

"कोन्या बादलीनं?" मी विचारलं.

त्यांनी बादलीकडे बोट केलं, आणि बोट तसंच राहिलं. त्यांना कळलं. सत्तर वर्षांचा माणूस डोळ्यांदेखत आणखी म्हातारा झालेला मी पाहिला. मी त्यांच्यावर ओरडणार होतो, तोंडात शिव्या तयार होत्या. प्रविणने माझ्याकडे नुसतं बघितलं.

"बाबा," तो म्हणाला, "बी चांगलं निघालं का?"

बाबांनी मान हलवली.

"मंग झालं," प्रविण म्हणाला आणि ताटली घेऊन सांदवाडीत गेला.

सोमवारी तो उठला नाही. म्हणाला, एक दिवस राहू दे भाऊ, थकलो. मी राहू दिलं. एक पाळी चुकली तर बघू, असं डॉक्टरच म्हणाले होते, हे मी स्वतःलाच दहा वेळा सांगितलं. मंगळवारी नागपूरच्या दुकानदाराला फोन केला, तसेच मासे आहेत का म्हणून. आहेत म्हणाला. मी धावत येऊन प्रविणला सांगितलं.

"नको भाऊ. त्याईले कायले आनतं इथं?"

बुधवारी त्याचे पाय सुजले. चेहरा पिठासारखा फुगला. रुपाने मिठाशिवाय भात केला, तो त्याने खाल्ला नाही. बाबा त्याच्या उशाशी बसून होते. पऱ्हे टाकायला गेले नाहीत. भिजवलेलं बी पोत्यात मोड येऊन वास मारायला लागलं. मी म्हणालो, जाऊन टाकून तरी या, वाया जाते. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा तो विषय काढला नाही.

गुरुवारी सकाळी मी ठरवलं, आता विचारायचं नाही. शेजारच्या अंकुशला आणि भुपेंद्रला बोलावलं. गाडी अंगणात चालू करून ठेवली. प्रविणला मधे बसवायचं, मागून अंकुशने धरायचं, भुपेंद्रने दुसऱ्या गाडीवर सोबत यायचं. दोन पाळ्या चुकू द्यायच्या नाहीत, एवढंच माझ्या डोक्यात होतं. प्रविण भिंतीला टेकून बसला होता, कारण आडवं झालं की त्याला श्वास घेता येत नव्हता. आम्ही तिघं आत आलो तसा तो समजला. विरोध केला नाही. उलट थोडा सरकून आम्हाला जागा करून दिली.

"न्या," तो म्हणाला. एका एका शब्दाला थांबत होता. "उचलून न्यान तुमी. पलंगावरही निजवान. पन भाऊ, सुई लावाले हात तं मलेच पुढं करा लागते."

"मी धरीन तुहा हात," मी म्हणालो. "मी पुढं करीन."

"चार घंटे?"

"चार घंटे."

"अन सोमवारी? अन मंग गुरुवारी?"

अंकुश आणि भुपेंद्र माझ्याकडे बघत होते, मी सांगेन तसं करायला तयार. बाबांनी प्रविणचा डावा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला होता आणि जोडलेल्या नसेवरून अंगठा फिरवत होते. प्रविणने तो हात हळूच सोडवून घेतला आणि चादरीखाली ठेवला. मला वाटलं काहीतरी बोलावं, रागावावं, निदान खोटं तरी बोलावं. मी त्याच्याजवळ जमिनीवर बसलो.

बाहेर गाडी चालूच होती. बराच वेळ चालू होती. मग रुपाने जाऊन ती बंद केली.