काली पुतली चौकातलं भाषांतर

सत्य शेवटी बाहेर येतंच, असं सगळी शास्त्रं सांगतात. बालाघाटात ते बहुधा गल्लीतून येतं, राँग साइडने आणि हॉर्न न देता.

गुणाकररावांच्या बाबतीत ते एका रविवारी सकाळी साडेअकराला काली पुतली चौकात आलं. पण आधी कॅमेऱ्याबद्दल सांगायला हवं. कॅमेरा नसता तर हे प्रकरण गावातल्या बाकी टकरांसारखंच मिटलं असतं. म्हणजे दोन्ही बाजूंनी आपापल्या ओळखीच्या नेत्याचं नाव घेतलं असतं, तो नेता एकच निघाला असता, आणि चहा झाला असता.

गुणाकरराव सरकारी खात्यातून सब-इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेले. वय सदुसष्ट. बत्तीस वर्षं ते सरकारी जीपमध्ये मागे बसले आणि मागे बसून ड्रायव्हरचं ड्रायव्हिंग सुधारत राहिले. निवृत्तीनंतर स्वतःची जुनी गाडी स्वतःच चालवायला घेतली, तेव्हा गाडीत सुधारायला कोणी उरलं नाही. म्हणून त्यांनी रस्ता सुधारायला घेतला.

तीन महिन्यांत तीन ठोकरा झाल्या. पहिली कॉलनीच्या फाटकाला; ते अर्धवट उघडं होतं. दुसरी बँकेसमोरच्या कुंडीला. ती आदल्या दिवशी तिथे नव्हती. तिसरी एका म्हशीला. म्हैस उभी होती, पण तिने ‘आपण उभ्या आहोत’ असं काही सूचित केलं नव्हतं, असं गुणाकररावांचं म्हणणं. म्हशीला काही झालं नाही. बंपर बदलावा लागला.

मग नागपूरहून त्यांचा मुलगा संकेत आला आणि त्याने काचेवर छोटा कॅमेरा चिकटवला.

“बाबा, चूक दुसऱ्याची असेल तर यात दिसेलच. पुढच्या वेळी मला व्हिडिओ पाठवायचा. चूक तुमची निघाली तर किल्ली आईकडे. कायमची.”

गुणाकररावांनी निर्दोष माणसाच्या उत्साहाने होकार दिला. तरी त्या किल्लीत त्यांचं बरंच काही अडकलेलं होतं. किल्ली हातात असली की मंडईत कोणी तरी म्हणायचं, “साहब, गाडी थोडी आगे लेना.” साहेब म्हणणारं आता तेवढंच उरलं होतं.

त्यांच्या पत्नीला, उमाकाकूंना, गाडी येत होती. पंचावन्नाव्या वर्षी महिलांच्या बॅचमध्ये जाऊन त्या रीतसर शिकल्या होत्या. पण एकदा गुणाकरराव त्यांच्या शेजारी बसले आणि घरापासून मोती तलावापर्यंत त्यांनी एकेचाळीस सूचना केल्या. काकूंनी त्या मोजल्या होत्या. नंतर त्यांनी स्टिअरिंगला हात लावला नाही.

कॅमेऱ्याने गुणाकररावांच्या आयुष्याला काम दिलं. रोज सकाळी सात वाजता कॉलनीच्या ग्रुपवर एक क्लिप यायची, मथळा ‘आजचे अपराधी’. ‘अपराधी क्र. १४. मोटरसायकलवर चार इसम व एक शिडी. शिडी आडवी.’ ‘अपराधी क्र. २२. आपल्याच कॉलनीतील गजेंद्र मास्तर, मोबाइल कानाला.’ गजेंद्र मास्तर त्या दिवशी ग्रुप सोडून गेले. अॅडमिनने त्यांना परत घेतलं. अॅडमिन गुणाकररावच होते.

क्लिप गुणाकरराव फोनचा आवाज बंद ठेवून पाहत, कारण ती काकूंच्या पूजेची वेळ. पण प्रतिसाद भरघोस होता. प्रत्येक क्लिपखाली हसून डोळ्यांत पाणी आलेले पिवळे चेहरे रांगेने उभे. अपराध्यांबद्दल समाजात इतका तिरस्कार आहे हे पाहून गुणाकररावांना बरं वाटायचं.

आता एक समजूत सांगायची राहिली. बालाघाटातल्या जुन्या नोकरदार मराठी घरांमध्ये ती पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. बाहेर सगळं हिंदी. तेव्हा मराठी म्हणजे पडदा. भाजीवाल्याच्या तोंडावर “वांगी किडकी आहेत, पुढं चला” म्हणावं. डॉक्टरांच्या पुढ्यात बसून “याला काही येत नाही, नागपूरला दाखवू” असं ठरवावं. कोणाला कळणार आहे? अर्धा बाजार लांजी, किरनापूर, गोंदियाकडून आलेला आहे आणि घरी मराठीच बोलतो, हा विचार गुणाकररावांच्या मनाला चाळीस वर्षांत शिवला नव्हता. भाजीवालाही सभ्य माणूस. तो काही बोलायचा नाही. किडकी वांगी मात्र त्यांच्याच पिशवीत टाकायचा.

त्या रविवारी दोघं काकूंच्या बहिणीकडे, पौर्णिमाकडे, जेवायला निघाले होते. काली पुतली चौकात उजवीकडून एक पिकअप आली. तीत लग्नकार्यांना मांडव-खुर्च्या भाड्याने देणाऱ्या टेंट हाउसच्या दीडशे लाल खुर्च्या होत्या. गुणाकररावांच्या गाडीचं नाक पिकअपच्या लोखंडी कोपऱ्यात घुसलं आणि अकरा खुर्च्या रस्त्यावर पडल्या. बघ्यांनी त्या लगेच उचलल्या, सरळ केल्या आणि बसले.

“अंधे हो क्या?” गुणाकरराव उतरता उतरताच ओरडले.

पिकअपवाला पस्तिशीचा, नाव हेमराज. “अंकल, मैं तो अपनी साइड से आ रहा था!”

“साइड! कान में फोन था तुम्हारे!”

“वो तो मम्मी का था!”

“मम्मी का हो या मंत्री का! कॅमेरा लगा है गाडी में. सब रेकॉर्ड है!”

कॅमेरा म्हटल्याबरोबर खुर्च्यांवरच्या दोघांनी केस नीट केले.

तेवढ्यात चौकातल्या ट्रॅफिक पोलिसांच्या सूबेदार आल्या. वर्दीला कडक इस्त्री, छातीवर नावाची पाटी: आम्रपाली. “क्या हुआ? एक-एक करके बोलो.”

“बोलने की जरूरतही नहीं, मॅडम,” गुणाकरराव म्हणाले. हे वाक्य त्यांनी महिनाभरापासून तयार ठेवलं होतं. “आप खुद देख लीजिए.”

त्यांनी मोबाइल पिकअपच्या बॉनेटवर टेकवून ठेवला आणि क्लिप लावली. मागे बसलेल्यांनी खुर्च्या पुढे ओढल्या.

चित्र सुंदर होतं. चौक दिसला, पिकअप दिसली, कानाला फोन लावलेला हेमराज तर पासपोर्टच्या फोटोसारखा दिसला. कॅमेरा जरासा खाली झुकलेला होता, त्यामुळे सिग्नल तेवढा चौकटीच्या वर राहून गेला होता. गर्दीने निकाल देऊन टाकला: “गलती पिकअप की है.” हेमराजचा चेहरा उतरला. गुणाकररावांना त्या क्षणी अपराधी क्र. ३१ स्पष्ट दिसत होता.

“इसमें आवाज नहीं है क्या?” आम्रपाली मॅडमनी विचारलं, आणि बाजूचं बटण दाबून आवाज पूर्ण वाढवला. क्लिप पहिल्यापासून सुरू झाली.

‘अहो,’ मोबाइलमधून उमाकाकू स्वच्छ म्हणाल्या, ‘सरळ जायचं आहे नं? मग उजवीकडचं इंडिकेटर काहून लपलपून राह्यलं?’

‘असू दे. मागचा सावध राहतो.’

गुणाकररावांचा हात मोबाइलकडे गेला. कॅमेरा ऐकतो हे त्यांना आत्ता कळत होतं. पण दुसऱ्याच क्षणी त्यांना धीर आला. मराठी होती.

“क्या बोल रहे हैं ये?” मॅडमचा चेहरा मख्ख.

“कुछ नहीं, मॅडम. घर की बातें. सब्जी-भाजी.”

‘ती बघ सूबेदारीण,’ मोबाइलमधले गुणाकरराव म्हणाले. ‘उभी कशी आहे, फोटो काढायला बोलावल्यासारखी. सिग्नलपेक्षा लक्ष चहाच्या टपरीवर.’

“और ये?”

“ये मैं कह रहा हूँ कि... मॅडम बडी मुस्तैद हैं. ऐसे अफसर चाहिए.”

“अच्छा. और टपरी?”

“टपरी मतलब... चौकसी, पहरेदारी. पुरानी मराठी है.”

समोर चहाची टपरी होती. टपरीवाल्याने गाळणी हातात धरूनच मान वळवली. खुर्च्यांवर कोणाला तरी ठसका लागला. उमाकाकू गाडीला टेकून आभाळाकडे पाहत होत्या.

‘अहो, लाल आहे.’

‘दिसतंय मला.’

‘मग थांबा नं.’

‘पिवळा होता तेव्हाच मी मनानं निघालो होतो.’

‘मन गेलं असंल. गाडी इथंच आहे. थांबा! अहो, खुर्च्या!’

मग धडाम, आणि क्लिप संपली. खुर्च्यांवरच्या सगळ्यांनी एकदम सिग्नलकडे पाहिलं.

“यहाँ श्रीमतीजी कह रही हैं,” गुणाकररावांनी घाम पुसला, “कि देखिए, लाल खुर्चियाँ... कितनी सुंदर हैं.”

हेमराज हळूच म्हणाला, “काकाजी, काकी तं सिग्नल लाल हाये म्हनून राह्यली.”

गुणाकररावांनी त्याच्याकडे असं पाहिलं, जणू पिकअपच बोलली. “तुला मराठी येते?”

“लांजीचा हावो मी. तुमी हिंदीत भांडले, म्हनून मी बी हिंदीत भांडलो. मोठ्या मानसाची मर्जी राखा लागते.”

“आन् मी हट्टा गावची,” आम्रपाली मॅडम म्हणाल्या. “बावडीजवळ घर हाये आमचं. मीच ते फोटो काढाले बोलावलेली.”

“थोडी-थोडी तो हमको भी आती है, साहब,” टपरीवाला तिकडून म्हणाला. “चालीस साल से आप लोगों को ही तो सुन रहे हैं.”

खुर्च्यांनी टाळ्या वाजवल्या.

मॅडमनी आधी हेमराजला धरलं. “तुही माय घरीच हाये नं? मंग घरी जाऊन बोल तिच्याशी. गाडी चालवता चालवता काहून?” हेमराजने कान पकडले. मग त्या गुणाकररावांकडे वळल्या. “काकाजी, लाल तोडला, त्याचं चलान. इंडिकेटरची फकस्त समज देतो. आन् पुरान्या मराठीचं मी काही लिहीत नाही. कागदावर त्याले रकाना नाही.”

चलान भरताना गुणाकररावांना काही वाटलं नाही. त्यांच्या डोक्यात किल्ली होती. ते गाडीआड गेले, मोबाइल उघडला आणि क्लिपवर बोट ठेवलं. ‘हटवायचं का?’ मोबाइलने नम्रपणे विचारलं.

“ग्रुपवर नाही टाकत का?” मागून उमाकाकू म्हणाल्या. “एकतिसावा नंबर आहे नं?”

“अगं, यात आपला आवाज येतो!”

“महिनाभरापासून येऊन राह्यला.”

“म्हणजे... ग्रुपवर?”

“हौ. शेजारची मंजू रोज सातला चहा घेऊन बसते ऐकायला. अपराध्यांकडे कोणी पाहत नाही. मागच्या आठवड्यात तुम्ही एकेरी रस्त्यात उलटे शिरले अन् मी ‘परत या, हे पाप आहे’ म्हटलं, ते तर तिनं माहेरी पाठवलं. तिची भावजय म्हणते, काकूंना रोज बोलू द्या.”

गुणाकररावांच्या डोळ्यांपुढून पिवळे चेहरे रांगेने गेले. प्रत्येकाच्या डोळ्यांत पाणी होतं.

“मग मला सांगितलं काहून नाही?”

“चाळीस वर्षांत पहिल्यांदा माझं कोणी ऐकून राह्यलं होतं,” काकू म्हणाल्या. “म्हटलं, कशाला मोडता घाला. मी तर मुद्दाम स्पष्ट बोलायची.”

मोबाइल अजून विचारत होता. गुणाकररावांनी चौकाकडे पाहिलं. सगळ्या खुर्च्या त्यांच्याकडे वळलेल्या होत्या. हटवून काय उपयोग होता? बालाघाटाला आता ते पाठ होतं. शिवाय बत्तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी एकही फाइल गहाळ केली नव्हती, आणि ही तर स्वतःच्या सहीची होती. त्यांनी ‘नाही’वर बोट दाबलं, क्लिप संकेतला पाठवली आणि खाली लिहिलं: ‘अपराधी क्र. ३१. वडील.’

मिनिटाभरात नागपूरहून अंगठा आला.

मग त्यांनी खिशातून किल्ली काढली आणि उमाकाकूंच्या हातात दिली. निवृत्तीच्या दिवशी कपाटाच्या चाव्या सोपवताना उभे राहिले होते तसे ताठ उभे राहून. हेमराजने टोपी काढली. टपरीवाल्याने दोन कप विनामूल्य पाठवले आणि त्यांना सांगून टाकलं की आज चहात चौकसी जरा जास्त पडली आहे.

काकू ड्रायव्हरच्या जागी बसल्या. सीट पुढे घेतली, आरसा नीट केला, पट्टा लावला. उजवीकडचं इंडिकेटर बंद केलं. गुणाकरराव शेजारी बसले आणि त्यांनी तोंड उघडलं. काकूंनी नुसतं कॅमेऱ्याकडे बोट दाखवलं. त्यांनी तोंड मिटलं.

आम्रपाली मॅडमनी शिट्टी वाजवून चारही रस्ते थांबवले. एवढा मान त्या चौकात ॲम्ब्युलन्सलाही मिळत नाही. खुर्च्यांवरची माणसं उभी राहिली. काकूंनी किल्ली फिरवली.

गाडीने घसा साफ केला आणि गप्प झाली. पुन्हा फिरवली, पुन्हा तेच.

हेमराजने बॉनेट उचलून आत पाहिलं, टकरीत चेपून पंख्यात रुतलेलं रेडिएटर दाखवलं, मान हलवली, आणि टेंट हाउसचा दोर काढून गाडी पिकअपला बांधली. काकूंनी ती दोराच्या मागे पवन मिस्त्रीच्या गॅरेजपर्यंत एकही चूक न करता नेली. गुणाकरराव वाटेत एक शब्द बोलले नाहीत. पौर्णिमाकडे दोघं ई-रिक्षाने गेले आणि दीड तास उशिरा जेवले.

या गोष्टीला आता पाच आठवडे झाले. किल्ली उमाकाकूंच्या पर्समध्ये असते. गाडी पवन मिस्त्रीकडे उभी आहे. त्याने नागपूर, रायपूर, जबलपूर तिन्हीकडे फोन लावून पाहिले. त्या मॉडेलचं रेडिएटर बनणं सहा वर्षांपूर्वीच बंद झालं आहे.