सगळं येतं

“आई, खरं सांग, ते कॉम्प्युटरच्या पडद्याचं मशीन येतं तुला?”

“येतं म्हणून लिही.”

“कधी शिवलंस त्याच्यावर?”

“लिही म्हटलं ना! वकिली कशाला करतेस?”

लेकीने फॉर्मच्या आठही रकान्यांत ‘येतं’वर खूण केली. शर्टांच्या कारखान्यात तिची आई बावीस वर्षं हाताने काजं करत होती. सगळे तिला काजवाली मावशी म्हणत. नव्या मशीनचं फुकट प्रशिक्षण, तेही कामाच्या वेळात, असं साहेबांनी गोड आवाजात सांगितलं, तेव्हाच मावशीला वाटलं, कुठेतरी पाणी मुरतंय. तिच्या जावेने मागे असाच फॉर्म प्रामाणिकपणे भरला होता. सगळीकडे ‘येत नाही’. महिन्याभरात तिला घरी बसवलं. फॉर्ममुळे, असं मात्र कोणी म्हणालं नाही.

सोमवारी साहेबांनी मावशीला थेट नव्या मशीनपुढे बसवलं.

“बाकीच्या जातील वर्गात. तुम्हाला सगळं येतं. करा सुरू.”

पडदा उजळला. आकडे, बाण, चौकोन. मावशीने डोळ्यांच्या कोपऱ्यातून साहेबांकडे पाहिलं. हा मला पकडतोय, की खरंच भोळा आहे? मनाचा हिय्या करून तिने शर्ट सुईखाली सारला आणि एक बटण दाबलं. मशीन खडखडलं. कॉलरच्या मागे, मधोमध, एक काज पडलं. देखणं, सरळ, आणि नको तिथे.

शेजारची धागे कापणारी पोरगी फिस्सकन हसली. “मावशी, मानेला बटण लावायचं का हो आता?”

साहेब हसले नाहीत. त्यांनी कोरा फॉर्म पुढे केला. “वर्गात यायचं तर ‘येत नाही’ असं लिहून सही करा.”

आलं! जावेने भरला तोच कागद.

“हा कागद जातो कुठे?”

“ऑफिसात.”

“आणि ऑफिसातून?”

साहेब आवाज उतरवून म्हणाले, “ते मलाही माहीत नाही, मावशी.”

बावीस वर्षांत या कारखान्यात ‘माहीत नाही’ म्हणणारा साहेब मावशीने पाहिला नव्हता.

“अजून एक फॉर्म द्या. एक माझ्याकडे राहील. त्याच्यावर तुमचीही सही.”

तिने सुई टोचू नये म्हणून बोटात घातलेलं धातूचं अंगुस्तान काढलं. खालची कातडी पांढरीफटक होती. दोन्ही कागदांवर, आठ-आठ वेळा, तिने सावकाश ‘येत नाही’ लिहिलं. साहेबांनी सही केल्यावर तिने आपला कागद अंगुस्तानाभोवती गुंडाळून पिशवीत तळाशी घातला, आणि पिशवी मांडीवर घट्ट धरून ती वर्गात बसली.

दाराजवळच्या खुर्चीत.