एका गल्लीत दोन पहिले

"आलं, आलं! माझं दुकान पहिलं आलं!" चीजवाला खेर्लोफ खुर्चीवर चढून ओरडला.

"माझंही!" फुलवाली किंचाळली.

कॅफेच्या मागच्या दालनात नुसता कल्ला उठला. डच फ्रिसलंडमधल्या बोल्सवर्ड गावच्या बाजारगल्लीतला जो तो आपल्या फोनात नाक खुपसून बसला होता, आणि जो तो नेटवर पहिला आला होता.

समोर उट्रेख्त शहराहून आलेला, पैसे घेऊन दुकानं नेटवर वर आणून देणारा रेम्को उभा. पांढरेशुभ्र बूट, कोटाच्या आत नुसतं बनियन, आणि बोलणं असं की जणू अल्गोरिदम रोज सकाळी याच्याच घरी कॉफी प्यायला येतो.

"अल्गोरिदम बदललाय, मंडळी! गेल्याच महिन्यात. जुनी पानं त्याने बुडवली, नवी तारली. जो त्याला रोज जागवतो, त्याला तो वर उचलतो. सांगितलं तसं आठवडाभर केलंत ना?"

"केलं!" तीस तोंडं एकदम.

केलं म्हणजे काय, तर रोज सकाळी आपल्याच दुकानात बसून, आपल्याच फोनवर, आपलंच वेबपान जपासारखं दहादा उघडलं. एक दिवस चुकला की पुन्हा पहिल्यापासून.

गेस्के बेप्पेचा एकही दिवस चुकला नव्हता. बेप्पे म्हणजे आजी. नातवंडंच काय, अख्खी गल्ली तिला बेप्पे म्हणायची, आणि तिच्यासमोर जरा सांभाळूनच बोलायची. चौदाव्या वर्षी शाळा सुटली ती पणज्याने बांधलेल्या भट्टीपुढे उभी राहायला. आज सत्तरी उलटली तरी पाव तिच्याच हातचा. रेम्कोला गल्लीत तिनेच आणलं होतं. दारोदार फिरून सांगितलं होतं, "मी सांगते ना, माणूस खरा आहे." मग कोण नाही म्हणणार?

एकजण म्हणाली. प्राथमिक शाळेत गणित शिकवणारी यिल्दौ बाई मागून उठली. "दुसऱ्या कुणाच्या फोनवर बघितलंय का हे कुणी?"

रेम्कोने तोंड उघडायच्या आत बेप्पेच कडाडली, "बाई, तुमचं दुकान कुठाय? खडू विकता? मग बसा खाली!"

दालन खदाखदा हसलं. यिल्दौ बसली. तिचे लाल झालेले कान बेप्पेने पाहिले, आणि तेव्हा तिला बरंही वाटलं.

महिना गेला. बेप्पेने नेटवर टाकलेल्या पावाच्या फोटोंवर लाल बदाम, म्हणजे लाइक, पडत होते, चार-चार हजार. दुकानातली घंटा मात्र वाजेना. एरवी शनिवारी दूरदूरची माणसं यायची, झ्वोलेहून, पार हेगहूनसुद्धा. कुणाच्या घरी मुलगी झालेली असायची. फ्रिसलंडच्या माणसाला बाळंतिणीकडे जाताना साखरेचे खडे घातलेला पाव लागतो, सुकरबोले. शनिवारी चाळीस पाव जायचे. आता सहा. सून घाबरत म्हणाली, "बेप्पे, असं चाललं तर नाताळनंतर भट्टी विझवावी लागेल."

"चार हजार बदाम पडलेत, आणि म्हणे भट्टी विझवू!"

त्याच सोमवारी गल्लीच्या दुसऱ्या टोकाचा बेकर डाउवे दारात आला. "बेप्पे, राग मानू नका, पण नेटवर गल्लीतली पहिली बेकरी माझी आहे."

"स्वप्नात?"

"हा बघा फोन!"

"हा माझा बघ!"

दोन फोन काउंटरवर शेजारी शेजारी ठेवले. एकावर पहिला डाउवे, दुसऱ्यावर पहिली गेस्के. शोधलेले शब्द तेच. डाउवे खुळ्यासारखा बघत राहिला. बेप्पे शाळा थोडकीच शिकली असेल, पण एका शर्यतीत दोन पहिले नसतात एवढं तिला कळत होतं.

दुपारच्या सुट्टीत ती दोन्ही फोन घेऊन शाळेत गेली. शाळेच्या पंधरा पायऱ्या तिला जन्मात कधी एवढ्या उंच वाटल्या नव्हत्या.

यिल्दौने टोमणा मारला नाही. मारला असता तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "बेप्पे, फोन आपल्या धन्याची सवय लक्षात ठेवतो. तुम्ही रोज दहादा जे दार उघडता, तेच तो आधी दाखवतो. त्यात तुम्ही उभ्या त्याच दुकानात. जवळचं तो आधी दाखवणारच."

"म्हणजे तो जप..."

"जपाने फोनच शिकवला. अल्गोरिदमला तुमचा पत्ताही नाही. आणि हे बदामवाले बघा. एकाच्या तरी फोटोत तोंड आहे? खोटी खाती ही, विकत मिळतात हजारांनी. पाव खात नाहीत."

मग यिल्दौने झ्वोलेतल्या आपल्या बहिणीला फोन लावला. "अगं, सुकरबोले कुठे मिळतं, शोध बरं."

"लेवार्डनचं एक दुकान आलं. मग स्नेकचं. बोल्सवर्डचं? छे, कुठेच नाही. गेल्या वर्षी तर पहिलं तेच यायचं गं, आमच्या बाळाच्या वेळी पाव तिथूनच आणला होता."

यिल्दौने बेप्पेचं वेबपान उघडलं. 'सर्वोत्तम बेकरी, सर्वोत्तम पाव, जवळची बेकरी.' वरपासून खालपर्यंत सुकरबोले हा शब्दच नव्हता.

"कुणी काढला?"

बेप्पेला माहीत होतं. रेम्को म्हणाला होता, "हा खेडवळ शब्द कोण लिहितं हो आता?" आणि तिला आठवली होती ती शाळेची बाकं, डचऐवजी घरची फ्रिसलंडची भाषा तोंडातून निघाली म्हणून कोपऱ्यात उभं राहणं. ती भाषा ती आयुष्यभर बोलली, पण चारचौघांत लिहायची वेळ आली की हात मागे. रेम्को हसला तशी ती ओशाळली, आणि आपल्याच बोटाने शब्द पुसून मोकळी झाली. लोक ज्या शब्दाला धरून तिच्या दारापर्यंत यायचे, नेमका तोच.

"मीच," ती म्हणाली.

गुरुवारी रेम्को पुन्हा आला. या खेपेला शेजारच्या माक्कुम गावचे दुकानदार जमवले होते, दालन गच्च. "आणि या आमच्या बेप्पे! सांगा, बेप्पे, चमत्कार सांगा यांना!"

बेप्पे उठली. खुर्चीची पाठ तिने घट्ट धरली होती.

"डाउवे, फोन आण. हा त्याचा. यावर पहिला तो. हा माझा. यावर पहिली मी. गल्ली एक, बेकरी दोन. आता सांगा, खोटं कोण बोलतंय?"

"बेप्पे, तांत्रिक बाब आहे, अल्गोरिदमचा कोप..." रेम्को पुढे सरसावला.

"कोप बाजूला ठेव. माक्कुमच्या या ताईंच्या फोनवर शोध मला."

रेम्कोने फोनला हात लावला नाही. ताईंनीच शोधलं, आणि पहिली बेकरी निघाली ती त्यांच्याच गावातली, त्या रोज बघतात ती. बेप्पे कुठेतरी खाली. रेम्को वायरी गुंडाळायला लागला.

"तो मोठा चोर नाही," बेप्पे म्हणाली. "त्याने आरसा दाखवला, आम्ही आपलंच थोबाड बघून नाचलो. लाज वेगळीच आहे. यिल्दौ बाईने पहिल्याच दिवशी खरा प्रश्न विचारला होता, आणि मी तिला सगळ्यांदेखत खाली बसवलं. गल्ली फसली ती माझ्या शब्दाखातर. बाई, माझं चुकलं."

खेर्लोफ बुटांकडे बघत होता. मागून माक्कुमचा एक मासेवाला मात्र तोऱ्यात म्हणाला, "काल तुम्हीच त्याला खरा म्हणत होतात. आज आम्ही तुमच्यावर का विश्वास ठेवायचा?"

बेप्पेने मान वर केली.

"ठेवू नका ना! कुणी सांगितलंय? तुमचा फोन शेजाऱ्याला द्या, त्याचा तुम्ही घ्या, आणि आपल्या डोळ्यांनी बघा."