पहिल्या भरतीची पाळ

नखाने लोट्याच्या काठावर मारलेली ती हलकी टिचकी अजून माझ्या कानात आहे. माझा थोरला भाऊ, दादा, सुट्टीत घरी येई तो असा, वस्तूंची चौकशी करीत. लोटा, नांगराचा फाळ, विहिरीवरचा रहाट, प्रत्येकाचा नाद तो डोळे मिटून ऐके. कुठे अदृश्य तडा जाणवला, तर आजाऱ्याच्या उशाशी बसल्यासारखा त्याचा चेहरा मऊ होई. दक्षिणेकडच्या विमानांच्या कारखान्यात तो यंत्रभागांचे आराखडे काढी. स्वातंत्र्यानंतरच्या त्या कोवळ्या वर्षांत नवेगाव बांधजवळच्या आमच्या गावाला विमान म्हणजे धानावरून सरकणारी एक सावली, एवढेच ठाऊक होते. तिच्या चाकांचा सांधा आपल्या मुलाच्या पेन्सिलीतून उतरला आहे, हे सांगताना बाबांचा आवाज ओलावे.

आमचे कूळ तलाव बांधणाऱ्यांचे. नवा तलाव पहिल्यांदा भरू लागला, की बांधणाऱ्याने स्वतः त्याच्या पाळीवर, मातीच्या बांधावर, उभे राहायचे, पाणी स्थिरावेपर्यंत. ही आमची रीत.

एका हिवाळ्यात दादा न कळवता परतला. चाचणीत विमान उतरताना चाकांचा तो सांधा तुटला होता आणि वैमानिक गेला होता. मागोमाग कारखान्याचे पत्र आले: दोष धातूचा ठरला, आराखडा निर्दोष आहे, महिनाअखेर रुजू व्हावे.

पेंढ्याच्या रंगाच्या फिकट उन्हात, ओसरीवर, बाबा दादाला म्हणाले, "पाळ फुटते, बापू. मंग का बांधनाऱ्यानं घरी बसून राहाचं? लोकं हासून राहिले, इंजिनेर ढोरं राखते म्हून."

"माह्या पाळीवर दुसरा उभा होता, बाबा."

बाबांनी तो विषय पुन्हा काढला नाही.

महिन्याच्या शेवटच्या सायंकाळी दादाने मला विचारले, "तुले का वाटते, बाई? जाऊ?"

'जा' हा शब्द माझ्या मनात पूर्ण सिद्ध होता. परंतु जन्मजात भिडेने तो ओठांशीच अडवला आणि मी कंदिलाची काच पुसत राहिले. मग दादाने पत्राची घडी घातली.

तो गेला नाही. शेतात राबला, अबोल झाला. कुणाशी बोलताना त्याचा अंगठा तर्जनीच्या टोकाशी न दिसणारी पेन्सिल फिरवीत राही. पुढे अकालीच तो आम्हांला सोडून गेला. काळ शोकाची धार बोथट करतो, हे बहुधा खरे असावे. दादा ज्या वयाला पोहोचला नाही, ते ओलांडून मी आता वृद्ध झाले आहे. न उच्चारलेला तो एक शब्द मात्र त्या सायंकाळी होता तितकाच अजून तरुण आहे.