प्रभाबाईंच्या गाडीचं तेल

अक्कलकोट रोडवरच्या गॅरेजात चनमल्लप्पानं तीस वर्षं काढली होती. पण गेलं वर्षभर गिऱ्हाईक गाडीतून उतरलं की आधी विचारायचं, "ताई हायत का?"

ताई म्हणजे त्याची सून, सिद्धेश्वरी. आयटीआयला मोटार मेकॅनिक शिकलेली. मुलगा बँकेत लागला; गॅरेजात सून आली. सुरुवातीला चनमल्लप्पा तिचं कौतुक सगळ्यांना सांगायचा. आता ती यायच्या आत तो चांगले पाने वरच्या फळीवर ठेवून द्यायचा. तिचा हात पोचणार नाही एवढ्या वर.

वळसंगच्या शाळेतल्या प्रभाबाई त्या दिवशी तिसऱ्यांदा आल्या. इंजिनातून तेल गळत होतं. चनमल्लप्पानं इंजिनावरच्या झाकणाचं, टॅपेट कव्हरचं, पॅकिंग दोनदा बदललं होतं, तरी शाळेच्या फरशीवर डाग पडायचाच. बाईंनी त्याला नमस्कार केला आणि थेट सिद्धेश्वरीकडं गेल्या.

चनमल्लप्पा हातातला पाना उगाच पुसत राहिला.

सिद्धेश्वरीनं इंजिन चालू ठेवलं आणि तेल भरायचं झाकण सैल केलं. झाकण जागेवरच थडथड नाचायला लागलं, कडेनं धूर सुटला.

"मामा, पॅकिंग तुमी नीटच बसवलंय. आतली वाफ ब्रीदरच्या पाइपातून भाईर पडत न्हाई. पाइप तुंबला असंल. म्हणून दाब तेलाला ढकलतोय. अजून एक बघाय लागंल..."

"मला शिकवू नगं," चनमल्लप्पा म्हणाला. "बाई, गाडी ठेवून जावा."

दुसऱ्या दिवशी सिद्धेश्वरी माहेरच्या बारशाला गेली. चनमल्लप्पानं एकट्यानंच ब्रीदरचा पाइप काढला. आत डिंकासारखा काळा गाळ. तिचंच खरं निघालं होतं. कुणी बघत नव्हतं, तरी त्याचे कान तापले. पाइप पेट्रोलनं धुतला, नवं पॅकिंग घातलं आणि संध्याकाळी बाईंना म्हणाला, "मूळ सापडलं बगा. रातभर डोक्यात घोळत हुतं."

"म्हणून तर तुमच्याकडं येते," बाई म्हणाल्या.

किती दिवसांनी कुणीतरी असं म्हणालं होतं! त्याला बरं वाटलं, पण घरी भाकरी गोड लागली नाही.

चौथ्या दिवशी प्रभाबाई परत आल्या. या वेळी तेल बेल्टच्या बाजूनं ठिबकत होतं.

"मामा, मूळ सापडलं म्हणाला होतात ना?" बाईंचा आवाज चढला. पलीकडचे टायरवालेही बघायला लागले.

माहेराहून परतलेली सिद्धेश्वरी बॉनेटमध्ये वाकली. स्वच्छ पाइप तिला दिसला. तिनं एकदा सासऱ्याकडं पाहिलं आणि काही न बोलता फडक्यानं इंजिन पुसायला घेतलं. चारचौघांत ती ओरडली असती तर त्याला सोपं गेलं असतं. तिच्या गप्प राहण्याचाही त्याला हेवा वाटला. त्याला ते कधी जमलं नव्हतं.

"बाई," तो शेवटी म्हणाला, "मूळ हिनं सांगितलं हुतं. मी हिला न इचारता केलं, अन् माझं म्हणून सांगितलं."

सिद्धेश्वरीनं फडकं खांद्यावर टाकलं. मग ती म्हणाली, "इतके दिवस दाब बसला ना, त्यानं बेल्टमागचं सीलबी गेलंय. त्या दिवशी तेच सांगत हुते."

"मी बोलू दिलं न्हाई."

"व्हय."

बेल्ट उतरवायला दुपार झाली. तेल अडवणारं जुनं रबरी सील प्लास्टिकसारखं कडक झालं होतं. सिद्धेश्वरीनं नव्या सीलला बोटानं तेल लावलं आणि हलक्या हातानं, चहूबाजूंनी सारखं दाबत ते बसवलं. चनमल्लप्पा शेजारी बॅटरीचा उजेड धरून उभा होता. त्याला हे काम असं पहिल्याच खेपेला कधीच जमलं नव्हतं. हेवा अजून सलत होता.

"मामा, उजेड जरा खाली."

त्यानं बॅटरी खाली धरली आणि सील पुरतं बसेपर्यंत हात हलू दिला नाही.