पूर्वी करीत असलेले काम

कुंडलिकला वाटलं होतं, आपली तयारी एकदम चोख हाय. कळस गावच्या रानातल्या पत्र्याच्या घरापुढं सकाळीच सतरंजी टाकलेली, खुर्ची दोनदा पुसलेली, आणि हातात कागदांनी फुगलेली पिशवी. बायकोच्या, छबूबाईच्या, अंगावरून वारं गेलं आणि उजवा हात-पाय लुळा पडला, त्याला दहा महिने झाले होते. बारामतीला चार हेलपाटे घालून त्यानं तिचं अपंगाचं सर्टिफिकेट आणलं. पासष्ट टक्के! "आपल्या घरात एवढं मार्क कुणाला पडलं न्हवतं," छबूबाई म्हणाली होती. अंग गेलं तरी जीभ शाबूत होती बाईची.

आता उरली होती तेवढी तलाठी मॅडमची चौकशी. 'काम करण्यास असमर्थ' असं त्यांनी लिहिलं की महिन्याचं अनुदान सुरू होणार, आणि छबूबाईच्या गोळ्या आणि मालिशवालीचा खर्च त्यातून भागणार. नाही लिहिलं तर मालिश बंद. आणि मालिश बंद पडली तर हात कायमचा गेला म्हणून समजा, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलेलं.

मॅडम आल्या. योगिनी त्यांचं नाव. वय फार तर सत्तावीस, पण चष्म्यावरून बघायची तऱ्हा रिटायर व्हायला आलेल्या हेडमास्तरांची. त्यांनी कागद तपासले, बाजेवर बसलेल्या छबूबाईचा हात उचलून पाहिला आणि विचारलं, "आजारपणाआधी मावशी काय काम करायच्या?"

"काय न्हाय," कुंडलिकनं ठोकून दिलं. "घरीच असायची."

मॅडमनी छबूबाईकडं पाहिलं. त्यांना वाटलं, ही तरी काही सांगेल. तर ही डाव्या हातानं पदर सावरून म्हणते कशी, "व्हय की. मी काय करतीया! घरीच."

घ्या! चार हेलपाटे घातले कशाला मग?

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "मावशी काहीच करत नव्हत्या, तर आता काम जमत नाही असं मी कसं लिहू? जे नव्हतंच, ते गेलं कसं?"

कुंडलिकनं पिशवी पुन्हा चाचपली. आपलं नेमकं काय चुकलं हेच त्याला कळेना. खरं तेच तर सांगितलं होतं.

"बरं, ते राहू द्या," मॅडम म्हणाल्या. "काका, तुम्ही काय करता?"

अरे देवा! दहा महिन्यांत हे कुणीच त्याला विचारलं नव्हतं. बांध फुटावा तसा कुंडलिक सुटला.

"माझं तर इचारूच नका मॅडम! चारला उठायचं. शेण काढायचं, गाईची धार काढायची, दूध डेअरीला घालायचं. आलं की चूल. भाकरी थापाय गेलं की फाटती. मग भेंडी तोडायची. एक दिस चुकला तर जून हुती, यापारी हात लावत न्हाय. ही खाज बघा!" त्यानं दोन्ही हात पुढं केले. "शेरडांचा चारा. पाणी कधी सुटंल नेम न्हाय, सुटलं की भरायचं. धुणं, भांडी. सांजंला परत धार, परत भाकरी. त्यात पावनं आलं की च्या. बसून घास खाल्ल्याला आठवत न्हाय मला. पार पिट्टा पडलाय बघा!"

एवढं बोलून त्याला फार बरं वाटलं.

"खरंच हाल आहेत काका," मॅडम म्हणाल्या. "आणि हे सगळं आधी कोण करायचं?"

कुंडलिक बाजेकडं न बघता पुटपुटला, "ही."

"ही म्हणजे, काहीच न करणारी?"

त्याला लाज वाटली. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात कधी वाटली नव्हती तेवढी वाटली. छबूबाई मात्र अर्ध्या तोंडानं हसत होती. "त्यांस्नी बोलू नका मॅडम. मलाबी आत्ताच कळालं."

मॅडमनी पेन उचललं. शेण, धार, चूल, भेंडी असं लिहिता लिहिता फॉर्मवरचा 'पूर्वी करीत असलेले काम' हा रकाना संपला, तेव्हा त्यांनी कोरा कागद जोडला. कुंडलिक सांगत होता, छबूबाई मधेच त्याला अडवत होती, "खुरपणं ऱ्हायलं. शेरडांची बाळंतपणं कोण करायचं, तुमी?"

"तीबी लिवा," कुंडलिक म्हणाला. "आन् खाली लिवा मॅडम, ह्यातलं आता तिला कायबी जमत न्हाय." मॅडमनी 'असमर्थ' लिहिलं आणि खाली सही केली.

"झालं काम," त्या उठल्या. "मावशी, आणखी काही?"

"ह्या कागदाची एक झेरॉक्स मिळंल का?"

"कशाला हो?"

"वडगावला आमची लेक दिलीया, संजीवनी. तीबी काय करत न्हाय, घरीच असती. जावयास्नी वाचाय धाडायची हाय."